गोपनीय लिफाफ्याची वाट: सरकारी कार्यालयांतील एचआयव्ही धोरणांचा आढावा

१९९७ साली कामाच्या ठिकाणच्या हक्कांविषयी आपल्या न्यायालयांनी दोन मोठे निकाल दिले. ऑगस्टमधला सर्वोच्च न्यायालयाचा ‘विशाखा’ निकाल सर्वांना ठाऊक आहे. त्यातून पुढे २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आला आणि आज सरकारी कचेरीत शिरताना अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांच्या नावांचा फलक दिसतो. त्याआधी चार महिने, एप्रिलमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या प्रकरणात निकाल दिला होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीत वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबणारा कामगार वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीबाधित निघाला. तो धडधाकट होता, काम करत होता. तरीही त्याचे नाव कामगारांच्या यादीतून कमी झाले. न्यायालयाने सांगितले की नुसती बाधा आहे म्हणून कुणाची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. नेमून दिलेले काम त्याला झेपते का आणि कामाच्या जागी इतरांना त्याच्यापासून खरोखर मोठा धोका आहे का, एवढेच पाहायचे. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून खटला अक्षरांच्या नावाने चालवण्याची मुभाही न्यायालयाने दिली.

या निकालातली कसोटी कायद्यात यायला वीस वर्षे लागली. ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम’ एप्रिल २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्या कायद्यानेही आस्थापनांवर तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आहे. या अधिकाऱ्याच्या नावाचा फलक मात्र शोधूनही सहजी सापडत नाही. धोरण आहे, कायदा आहे, न्यायालयांचे निकाल आहेत; तरीही खात्याखात्यांत त्यांची अंमलबजावणी का रुजत नाही, हा या आढाव्याचा विषय आहे.

सुरुवातीची वर्षे आठवल्याशिवाय आजची स्थिती कळत नाही. १९८६ साली चेन्नईत देशातले पहिले बाधित आढळले. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले, त्यात बाधा आढळली आणि पोलिसांनी त्याला उचलले. म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच अशा कोंडणुकीची तरतूद होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९० च्या निकालात ती तरतूद वैध ठरली. डॉमिनिकची नोकरी सुटली आणि १९९२ मध्ये तो गेला. सरकारी यंत्रणेची एचआयव्हीशी पहिली ओळख ही अशी पोलीस कारवाईची होती. त्याच उच्च न्यायालयाने सात वर्षांनी ‘एमएक्स’चा निकाल दिला, हा पल्ला लहान नाही.

दरम्यान १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, उभी राहिली. महाराष्ट्रात १९९८ मध्ये राज्य एड्स नियंत्रण संस्था आली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या ठिकाणासाठी आचारसंहिता काढली, २००९ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने स्वतःचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०१० मध्ये कामगार संघटनेची २०० क्रमांकाची शिफारस आली. या सगळ्या कागदांत सूत्रे तीच आहेत: नोकरीसाठी चाचणीची सक्ती नको, भेदभाव नको, गुप्तता पाळा, आजारी माणसाला झेपेल असे काम द्या, उपचारांची वाट मोकळी ठेवा. मजकूर चांगलाच होता. पण पाळला नाही तर काय, हे त्यात कुठेच नव्हते. ती उणीव २०१७ च्या कायद्याने भरून काढली.

कायदा काय म्हणतो ते सरकारी नोकराने एकदा नीट वाचावे. एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही. नोकरी मिळण्यासाठी किंवा टिकण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. कामावरून कमी करायचेच असेल तर स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय लागतो, आणि त्या माणसाला सोयीचे दुसरे काम का देता येत नाही याचे लेखी कारणही मालकाला द्यावे लागते. दोन्ही कागदांची प्रत त्या कर्मचाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. न्यायालयाचा आदेश नसेल तर कुणालाही आपली बाधा सांगायला भाग पाडता येत नाही आणि दुसऱ्याची बाधा त्याच्या संमतीविना कुठे बोलता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. आरोग्यसेवेच्या आस्थापनांसाठी हा आकडा वीस आहे. त्याच्यावर याच कायद्याखाली नेमलेला राज्याचा लोकपाल. लोकपालाचा आदेश मोडला तर दंड. आस्थापनांसाठी नमुना धोरण केंद्राने करायचे होते, ते २०२२ मध्ये आले.

सरकारी खात्यात पहिली पळवाट इथेच निघते. तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत शंभर माणसे कुठून असणार? मग कलम आपल्याला लागू नाही, असे म्हणून विषय संपवला जातो. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे. कायद्याच्या व्याख्येत आस्थापना एका किंवा अनेक ठिकाणी काम करणारी असू शकते. महसूल विभाग किंवा एखादी जिल्हा परिषद ही हजारो माणसांची एकच आस्थापना आहे. मोजायचे ते सगळे खाते. एका इमारतीतल्या खुर्च्या मोजून भागणार नाही. मंत्रालयातून एका परिपत्रकाने हा संभ्रम दूर करता येईल.

आता उपचारांकडे वळू, कारण धोरणाचा रोख त्यांच्यामुळे पालटला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, सुरू झाली; मुंबईचे जेजे रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी होते. २०१७ पासून सीडी-फोर या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा घसरायची वाट न पाहता निदान होताच औषध सुरू होते. ज्या ‘एचपीटीएन ०५२’ अभ्यासाने नियमित औषध घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो हे २०११ मध्ये दाखवून दिले, त्यातल्या केंद्रांत पुण्याची ‘नारी’ ही संशोधन संस्थाही होती. पुढच्या अभ्यासांनी त्याहून स्पष्ट सांगितले: ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, चाचणीत सापडत नाही इतका खाली आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतूनही संसर्ग होत नाही. शेजारच्या टेबलावर बसून, एकाच ताटात जेवून, एकाच खोलीत मुक्कामाला राहून तो पूर्वीही होत नव्हता. ‘नाको’च्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख बाधित होते आणि त्यांतले सुमारे ३.९४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. यांतली बहुसंख्य माणसे कमावत्या वयाची आहेत.

म्हणजे पंचविशीत निदान झालेली तलाठी किंवा आरोग्यसेविका आज रोज एक गोळी घेऊन निवृत्तीपर्यंत नोकरी करू शकते. जुनी धोरणे मात्र माणूस लवकर जाणार हे गृहीत धरून लिहिली होती. त्यांत जनजागृतीवर भर, सहानुभूतीवर भर. तीस वर्षांच्या नोकरीत माणसाला लागतात त्या गोष्टी वेगळ्या: पदोन्नती, बदली, रजा, वैद्यकीय प्रतिपूर्ती, निवडणुकीचे काम, दर महिन्याला किंवा काही महिन्यांनी एआरटी केंद्राची एक फेरी. या प्रत्येक टप्प्यावर एक अर्ज असतो, अर्जासोबत कागद असतो, आणि धोरण फसते ते याच कागदावर.

एक कागद धरून त्याच्या मागे जाऊ. समजा, जिल्हा परिषदेतल्या एका वरिष्ठ सहायकाला क्षयाचा मेंदूज्वर झाला. रात्री अपरात्री जवळच्या खासगी रुग्णालयात हलवावे लागले. बरा होऊन तो परतला आणि त्याने प्रतिपूर्तीचे प्रकरण दाखल केले. सोबत देयके, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डाची पहिलीच ओळ अशी: एचआयव्ही पॉझिटिव्ह, एआरटी चालू. प्रकरण आवक शाखेत नोंदले जाते. आस्थापना लिपिक ते तपासतो, त्रुटी काढतो, टिपणी लिहितो. कक्ष अधिकारी सही करतो. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात छाननीसाठी जाते, तिथला लिपिक ते वाचतो. परत येते, लेखा शाखेत जाते, तिथून पुढे कोषागाराची वाट धरते. ई-ऑफिस असेल तर कार्ड स्कॅन होऊन फाइलला कायमचे चिकटते आणि ती फाइल उघडणारा प्रत्येक जण ते पाहतो. देयक मंजूर व्हायच्या आधी कँटीनमध्ये कुजबुज पोचलेली असते. ‘त्याला ते आहे म्हणे.’ ‘ते’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही.

या साखळीत कुणीही दुष्टपणा केलेला नाही. प्रत्येकाने नेमून दिलेले काम केले. पण कायद्याने राखायला सांगितलेली गुप्तता अनेकदा मोडली आणि जबाबदार धरावा असा एकही माणूस सापडत नाही. पुढचे परिणामही लेखी नसतात. त्याला लोकांच्या खिडकीवरून अभिलेख कक्षात बसवतात. त्याचा चहा कागदी कपात येतो, इतरांचा काचेच्या पेल्यात. दौऱ्याच्या गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. याविरुद्ध दाद मागायची तर स्वतःहून सांगावे लागते की मला एचआयव्ही आहे, आणि तेच तर तो लपवत आला होता.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आस्थापना शाखेला आजाराचे नाव कशासाठी हवे? तिला तीन गोष्टी पुरतात: माणूस कामाला योग्य आहे की नाही, किती दिवसांची रजा, किती रकमेची मंजुरी. वैद्यकीय कागद कर्मचाऱ्याने बंद लिफाफ्यात थेट शल्यचिकित्सकांनी नेमलेल्या एका डॉक्टरकडे द्यावेत, आणि त्या डॉक्टरने ‘नियमांनुसार पात्र, रक्कम इतकी’ एवढेच प्रमाणपत्र कार्यालयाला द्यावे. डिस्चार्ज कार्ड त्यापुढे जाऊच नये. मधुमेह असो, मानसिक आजार असो वा गर्भपात, ही पद्धत सगळ्यांनाच लागू करावी. फक्त एचआयव्हीसाठी वेगळा लिफाफा ठेवला तर लिफाफाच सगळे सांगून टाकील.

रजेतही तोच पेच आहे. राज्याच्या रजा नियमांत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्यासाठी खास रजेची सोय आहे. एचआयव्हीचाही त्यात समावेश करा, अशी मागणी मनापासून केली जाते. मला ती पटत नाही. आजाराच्या नावाची रजा म्हणजे सेवापुस्तकात कायमची नोंद, आणि सेवापुस्तक जिथे बदली होईल तिथे मागोमाग जाते. त्यापेक्षा ‘दीर्घ उपचारांची रजा’ असे एकच नाव ठेवून सगळे आजार त्याखाली आणावेत. बदलीच्या प्रक्रियेत तर सवलत घेणाऱ्यांची यादीच प्रसिद्ध होते, त्यावर हरकती मागवल्या जातात. दुर्धर आजाराच्या कारणाने एआरटी केंद्राजवळचे ठिकाण मागणाऱ्या शिक्षिकेला आपले नाव त्या यादीत, सहकाऱ्यांसमोर, लावून घ्यावे लागते. अनेक जणी म्हणून सवलत घेतच नाहीत. दोनशे किलोमीटरवरच्या केंद्राची फेरी आजारपणाची खोटी कारणे सांगून करणे त्यांना बरे वाटते.

गणवेशातल्या सेवांमध्ये प्रश्न आणखी कठीण होतो, कारण तिथे शारीरिक क्षमतेची प्रतवारी हाच बढतीचा पाया असतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका जवानाची पदोन्नती केवळ बाधेमुळे रोखली गेली होती. जुलै २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ती नाकारणे भेदभाव ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका कर्मचाऱ्याला सुमारे १ कोटी ५४ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २००२ मध्ये, ‘ऑपरेशन पराक्रम’ ही लष्करी मोहीम चालू असताना, जम्मू भागातल्या लष्करी रुग्णालयात त्याला रक्त चढवले गेले होते आणि त्यातून बाधा झाली. निदान झाले २०१४ मध्ये. चूक मान्य करून घ्यायलाच त्याची पुढची वर्षे गेली. त्याच निकालात न्यायालयाने सरकारांना २०१७ चा कायदा अमलात आणण्याचे निर्देश दिले आणि असे खटले ओळख झाकून, प्राधान्याने चालवावेत असे न्यायालयांनाही सांगितले. मार्च २०२४ मध्ये लष्करातल्या एका हवालदाराला ५० लाख रुपये आणि निवृत्तिवेतन मिळाले. एड्सचे चुकीचे निदान करून त्याला २००१ मध्येच घरी पाठवले होते. निकाल जिंकणारी ही माणसे चिवट होती. वीस-वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणे ज्यांना जमत नाही त्यांचे काय, याचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते खात्यानेच द्यायचे असते.

इथे दक्षिण आफ्रिकेकडे पाहणे उपयोगी आहे. जगात सर्वाधिक बाधित असलेला हा देश, आणि नव्या सहस्रकाच्या आरंभी तिथले राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो या विज्ञानावरच शंका घेत होते. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून गरोदर बाधित स्त्रियांना नेविरापिन हे औषध द्या, हे २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाला सरकारला बजावून सांगावे लागले. त्याच काळात त्याच सरकारच्या लोकसेवा विभागाने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जगाने अभ्यासावी अशी चौकट उभी केली. १९९८ च्या रोजगार समता कायद्याने एचआयव्हीवरून भेदभाव आधीच बेकायदा ठरवला होता आणि कामगार न्यायालयाच्या परवानगीविना चाचणीला मनाई केली होती. २००० च्या सप्टेंबरमध्ये सरकारी विमान कंपनीने नाकारलेल्या हॉफमन या उमेदवाराला केबिन कर्मचारी म्हणून घ्या, असा आदेश घटनात्मक न्यायालयाने दिला. त्यानंतर लोकसेवेच्या नियमांत एचआयव्हीबाबतचे किमान निकष घातले गेले आणि २००२ मध्ये खात्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका निघाली.

त्या निकषांतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे: प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने वरिष्ठ श्रेणीतला एक अधिकारी या कामासाठी नेमायचा, आणि हे काम त्या अधिकाऱ्याच्या वार्षिक कामगिरीच्या करारात लिहायचे. सोबत पुरेसा पैसा, पुरेशी माणसे आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व असलेली समिती. धोरण पाळले नाही तर कुणाचे मूल्यमापन खाली जाणार, हे आधीच ठरलेले. २००८ मध्ये ही व्यवस्था कर्मचारी आरोग्य आणि कल्याणाच्या व्यापक आराखड्यात आणली गेली आणि एचआयव्हीला क्षयरोगाची जोड मिळाली. सगळे सुरळीत झाले असे नाही. खात्यातल्याच समुपदेशकाकडे गेलो तर बातमी फुटेल या भीतीने कर्मचारी बाहेरच्या दवाखान्यात जात राहिले. सैन्यदलाने बाधितांची भरती, बढती आणि परदेशी नेमणूक रोखून धरली होती. २००८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले. तरीही उत्तरदायी अधिकाऱ्याची तरतूद आपण आजवर उचललेली नाही, आणि ती उचलण्यासारखी आहे.

आपल्याकडे जिल्ह्यात यंत्रणा नाही असे नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, म्हणजे ‘डापकू’, असते. आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, समुपदेशक असतात. त्यांची सगळी ताकद बाहेरच्या लोकसंख्येकडे, म्हणजे ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे वळवलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे सरकारी कचेरी स्वतःला धोक्याबाहेर समजते. एचआयव्ही हा तिच्या दृष्टीने आरोग्य विभागाचा विषय राहतो, सामान्य प्रशासनाचा होत नाही. रजा, बदली, प्रतिपूर्ती यांचे नियम आरोग्य विभाग बदलू शकत नाही. ते सामान्य प्रशासन आणि वित्त विभागांच्या हाती आहेत. अंमलबजावणी अडली आहे ती या दोन दारांपाशी.

सर्वांत कमी संरक्षण आहे ते कंत्राटी माणसाला. आज सरकारी कामाचा मोठा भार अकरा महिन्यांच्या करारावर चालतो. एड्स नियंत्रण कार्यक्रमातले समुपदेशकही त्यातलेच. कायदा कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाही. पण करार पुन्हा न करायला कारण द्यावेच लागत नाही, मग भेदभाव सिद्ध कसा करायचा? रुग्णालयातल्या एका कंत्राटी सफाई कामगार स्त्रीचे उदाहरण घ्या. वॉर्डातला कचरा उचलताना पिशवीतून डोकावणारी सुई तिच्या बोटात घुसते. नियमाने ती सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात असायला हवी होती. बाधित रक्ताच्या सुईने एकदा टोचले तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते आणि लगेच औषध सुरू केले तर ती आणखी खूप घटते. शक्यतो दोन तासांच्या आत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस गोळ्या घ्यायच्या. औषध त्याच इमारतीत ठेवलेले असते. परिचारिकेला हे शिकवलेले असते, ती धावत अपघात विभागात जाते. कंत्राटदाराच्या माणसाला हे कुणी सांगितलेले नसते. ती सफाई कामगार नळाखाली बोट धरते, चिंधी बांधते आणि पाळी संपवून घरी जाते. कायद्याचे एकोणिसावे कलम अशा प्रत्येकाला संरक्षक साधने आणि हे औषध देण्याची सक्ती आस्थापनेवर करते. सफाईच्या निविदेत ही अट लिहिली आणि पहिल्याच दिवशी कामगारांना अपघात विभागाचा रस्ता दाखवला तर हे कलम जिवंत होईल.

दर १ डिसेंबरला आपल्या कार्यालयांत शपथ होते, प्रभातफेरी निघते, छातीला लाल फीत लागते. ते चालू राहावे. पण या वर्षी प्रत्येक कार्यालय प्रमुखाने त्या दिवसाआधी एक आदेश काढावा: तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि क्रमांक, अंतर्गत तक्रार समितीच्या फलकाशेजारी. विभागाच्या सचिवांनी त्या कामाची नोंद अधिकाऱ्यांच्या वार्षिक कार्यमूल्यमापनात करावी. सामान्य प्रशासन विभागाने वैद्यकीय कागदांच्या प्रवासाचा नियम बदलावा. कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीपत्रात हे मुद्देही घालावेत. बाधित सभासद स्वतः उठून ते मांडू शकत नाही. आणि वाचकहो, तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर उद्या आस्थापना शाखेत जाऊन तक्रार अधिकारी कोण आहे ते विचारा. हा प्रश्न बाधा नसलेल्या माणसाने विचारणे अधिक सोपे आहे, म्हणून तो तुम्हीच विचारायला हवा. माहिती किंवा समुपदेशन हवे असेल तर ‘नाको’चा १०९७ हा क्रमांक निःशुल्क आहे.